चैत्रापासूनचं गळू

हेमांगीबाईंच्या पत्राला उत्तर देणं चौथ्यांदा लांबलं, तेही काखेतल्या गळवामुळे. पत्र चैत्रात डोंबिवलीहून आलं होतं. बाई एकट्या, हरिहररावही एकटे, आणि दोघांनाही वाचनाचं वेड. बाईंनी सरळच विचारलं होतं, "आता दोघांची पुस्तकं एकाच कपाटात ठेवू या का? हो की नाही, तेवढं कळवा."

हरिहररावांनी कागद पुढ्यात ओढला की शंकांची रांग लागे. या वयात? आणि मी? जवळून पाहिल्यावर बाई काय म्हणतील? तेवढ्यात उजव्या काखेत ठणका सुरू होई आणि त्यांना हायसं वाटे. हात दुखत असताना माणूस लिहिणार कसा? पोटीस बांधून ते पुस्तक उघडून बसत. एक गळू फुटून बरं होई, की महिन्याभरात दुसरं डोकं वर काढी.

श्रावणातल्या चौथ्या गळवाने ताप आणला, तेव्हा मात्र ते नौपाड्यातल्या डॉक्टर मृणालकडे गेले. ती शेजाऱ्यांचीच मुलगी. तिच्यासमोर सदरा काढायलाच त्यांना पाच मिनिटं लागली.

"काका, इथे रेझर फिरवता का?"

हरिहरराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. "दर रविवारी. दाढीचाच."

"ब्लेड बदलता कधी?"

"चांगलं आहे अजून."

"आणि वर लगेच डिओ मारता? मग गळवं नाही येणार तर काय. कधीपासून चाललंय हे?"

"चैत्रापासून. डोंबिवलीला एका बाईंकडे जायचं होतं. म्हटलं, घामाचा वास नको."

"किती वेळा जाऊन आलात?"

"निघालोच नाही. गळू आलं की राहून जातं."

मृणालने गोळ्या लिहून दिल्या, रक्तातली साखर तपासायला सांगितली. गळू दाबायचं नाही, रेझर नाही, डिओ नाही, असं बजावलं. मग पेनाचं टोपण लावत म्हणाली, "चार महिने तयारी चाललीये तुमची. म्हणजे जायचं तर कधीच ठरलंय, काका."

हरिहररावांचा हात सदऱ्याच्या बटणावरच थांबला.

ते तिथून तडक पोस्टात गेले. ठणकत्या हाताने त्यांनी एक पोस्टकार्ड लिहिलं, वाटेत कोणीही वाचावं असं उघडं. "हो. रविवारी येतो. घामाचा वास येईल, पण डॉक्टरांचा तसा हुकूम आहे." आणि आयुष्यात पहिल्यांदाच, लिहिलेलं पुन्हा न वाचता त्यांनी ते पेटीत टाकलं.