वंदना कोण घेणार?

"सांगून दे ना एकदाचं. झाला का नाई तू किरिश्चन?" भोजराजने विचारले आणि करडीच्या विहारातले सगळे पांढरे कपडे धर्मेंद्रकडे वळले.

धर्मेंद्र भिंतीला टेकून बसला होता. अमेरिकेहून येऊन दोन दिवस झाले, तरी अंगातला प्रवास उतरला नव्हता. प्रवासाचे आपले निमित्त. तीन वर्षे तो असाच दमलेला होता. झोपून उठला तरी दमलेलाच. आता तर उत्तर द्यायचाही त्याला कंटाळा आला होता.

मूर्तीसमोर त्याचा बाप चिंधू हातात माचीस घेऊन उभा होता. करडीत पौर्णिमेची वंदना चिंधूच घेई. छप्पन साली त्याच्या बापाने त्याला खांद्यावर बसवून पायी नागपूर गाठले होते, दीक्षा घेतली होती. खांद्यावरचा तो पोर आता सत्तरी ओलांडून गेला. ताप असो की पाऊस, पहिली मेणबत्ती चिंधूची. आयुष्यात त्याने मिरवले असेल तर एवढेच. आज ती मेणबत्ती अडून राहिली होती.

घोळ केला तो एका व्हिडिओ कॉलने. तिकडे धर्मेंद्र पाद्री घडवणाऱ्या एका कॉलेजच्या लायब्ररीत जाई. विद्यार्थी धर्मशास्त्राची जाडजूड पुस्तके टेबलावर टाकून जात. तो ती ढकलगाडीवर रचून जागच्या जागी लावी. दुपारी सगळ्यांसोबत डबा खाई. एकदा जेवायच्या वेळी त्याने बापाला फोन लावून समोर उभा करून ठेवला, सगळे दिसावे म्हणून. तेवढ्यात त्या मंडळींनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. चारचौघांत बरे दिसत नाही म्हणून यानेही हात जोडले. इकडे चिंधूच्या ओट्यावर नेमका भोजराज बसलेला. त्याने भिंतीवरचा क्रूस पाहिला, जोडलेले हात पाहिले. संध्याकाळपर्यंत गावभर झाले.

चिंधूने त्यानंतर पोराचा फोन उचलला नाही.

आज सकाळी धर्मेंद्रने त्याला शेताच्या धुऱ्यावर गाठले होते. बांधीत धान कापून पडले होते आणि चिंधू पाठमोरा बसून भारे बांधत होता.

"बाबा, मी धर्म नाई बदलला. मले तिकडे नौकरीच नाई. तृप्तीची नौकरी हाये, बायकोच्या व्हिसावर मी गेलो. मले काम करायची परवानगी नाई. लायब्ररीत फुकट जातो. घरी एकटा बसून येडा होईन, म्हणून जातो."

चिंधूचे हात थांबले.

"पन गावात सांगू नोका. इथली कॉलेजातली पक्की नौकरी सोडून गेला न आता बायकोच्या जिवावर खाते, म्हणतीन. हसतीन मले."

तसा धर्मेंद्र खोटे कधीच बोलला नव्हता. 'लायब्ररीत आहे' एवढेच त्याने कळवले होते. त्याला साहेब केला तो गावाने. चिंधूने भारा आवळला आणि दुसरा ओढला.

आता विहारात धर्मेंद्र कसाबसा म्हणाला, "नाई झालो."

"मंग त्याइनं तुले नौकरी कशी देली? पाद्र्याइच्या कॉलेजात बाहेरच्याले कोन ठेवते?" भोजराज काही वाईट माणूस नव्हता, पण एकदा शंका आली की तिचा निकाल लागेपर्यंत त्याला घास गोड लागत नसे. "आमाले त्या लोकाइचं वावडं नाई गड्या. पन ज्याच्या घरातून धम्म गेला त्यानं वंदना घ्यावं का, एवढंच विचारून राहिलो."

उत्तर एका वाक्याचे होते. पण धर्मेंद्रने मान खाली घातली. बाप आता सांगून टाकणार, आणि त्याने सांगावेही, असे त्याला वाटले.

"झाला," चिंधू म्हणाला.

तो मूर्तीकडून लोकांकडे वळला.

"झाला तो किरिश्चन. पोरगा माझाच हाये न घरबी त्याचंच हाये." त्याने माचीस भोजराजच्या हातात ठेवली. "धर. आजपासून वंदना तू घे."

चिंधू सगळ्यांमधून वाट काढत मागे गेला आणि दाराशी, चपलांजवळ बसला.

दर पौर्णिमेला पंचशील सांगणारा, खोटे बोलू नका म्हणून गावाला बजावणारा हा माणूस भर विहारात, बुद्धासमोर खोटे बोलला होता. कशासाठी, तर पोराला कुणी हसू नये म्हणून.

धर्मेंद्र उठून उभा राहिला.

"बाबा खोटं बोलून राहिले. मी धम्म सोडून कुठं गेलो नाई, तुमच्यातच हावो. मले नौकरी नाई. फुकटात पुस्तकं लावतो. बायको कमावते, मी खातो."

मग बायांमधून म्हाताऱ्या शकुबाईने विचारले, "मंग सयपाक कोन करते रे?"

"मीच करतो, आत्या."

बाया फिस्सकन हसल्या. पुरुषही हसले. तीन वर्षे ज्या हसण्याला तो भ्यायला होता ते एवढेसेच होते, आणि थोड्या वेळाने ते थांबलेही.

चिंधू दाराजवळून उठला. शर्ट झटकत पुढे आला आणि भोजराजसमोर हात पसरून उभा राहिला.

"आन ते माचीस."