सातव्या गाळ्याचं कलम

“सातव्या गाळ्यात ओल हाय. मागून म्हनशील, सांगतलं नाई,” मदनसिंग म्हणाला.

वऱ्हाडातल्या मालेगावच्या स्टँडसमोर त्यानं सात गाळ्यांचं मार्केट बांधलं होतं. सहा गाळे हातोहात गेले. सातव्याच्या मागच्या भिंतीला चुनाच धरत नव्हता, म्हणून तो देवमनच्या वाट्याला येत होता. देवमननं वीस वर्षं सरकारी खाणीवर सुरुंग लावले होते. त्यात दोन बोटं गेली. उरलेल्या आठांनी जे जमवलं, ते सगळं या एका गाळ्यात जाणार होतं.

त्यानं भिंतीला तळहात लावला. जमिनीवर टाच आपटली, जरा थांबून पुन्हा आपटली.

“चालते,” तो म्हणाला.

खरेदीखत गाळा नंबर एकमध्ये, जानरावच्या हॉटेलात लिहिलं गेलं. अर्जनवीस जगदेव टेबलाशी बसला, सहाही गाळेवाले बाकांवर बसले. देवमन आणि त्याची बायको वच्छला पायरीवर. बौद्धांचे कप जानराव बाहेरच्या कोनाड्यात ठेवी. पाण्याला मात्र तो कपसुद्धा देत नसे. स्वतः तांब्या घेऊन बाहेर येई आणि वरून धार धरी. “ओंजळीनं पानी गोड लागते,” असं म्हणे. माणूस मोठा अगत्यशील.

जगदेवनं कलम वाचून दाखवलं. सहाही खतांत ते एकच होतं. गाळेवाल्याचा धंदा मार्केटात दुसऱ्या कोणी करू नये. आणि मार्केटवाल्यांनी तो माल बाहेरून आणू नये. दुसरा भाग जानरावनं भांडून घातला होता. कापडवाला स्टँडवरच्या गाडीवरून चहा मागवतो, असा त्याला संशय होता.

“मले हॉटेल टाकाचं होतं,” देवमन म्हणाला.

“हॉटेल माहं हाय.”

“किराना?”

किराणावाल्यानं नुसती मान हलवली. मग कापड निघालं, शिलाई, दवाई, सायकली. प्रत्येक वेळी एक मान हलली.

“दिल्लीत कायदा झाला म्हनतात,” जगदेव चष्मा पुसत म्हणाला. “धंद्यात अशी अडवनूक चालत नाई म्हने.”

“थो मोठ्या कारखानदारायले,” जानराव म्हणाला. “दिल्लीचा सायेब मालेगावात च्या प्याले येऊन राह्यला का?”

सगळे हसले. जगदेवही हसला, त्याला चहा फुकट होता.

“मंग माह्यासाठी उरलं काय?” देवमननं विचारलं.

“जोडे!” कापडवाला म्हणाला. “जोड्याचं कलम कोनाचंच नाई. बस आन् ठोक.”

“आमच्या सात पिढ्यांत कोनी जोडे शिवले नाई, भाऊ,” वच्छला म्हणाली.

“मंग आठवी शिवन.”

देवमन पायरीवरून उठला.

“ठीक हाय,” तो म्हणाला. “सहाची सहाई कलमं मले कबूल. पन मलेई एक कलम पायजे. तुमच्यासारखंच, शब्दाले शब्द. या गाळ्यात जो धंदा मी पयले टाकीन, थो माहा.”

“लिहून दे त्याले, लिहून दे!” जानराव पोट धरून हसला. “जोड्याचा राजा!”

सहाही जणांनी संमतीच्या सह्या केल्या. जानरावची सही सगळ्यांत वर होती.

ते साल बहात्तर. मृग कोरडा गेला, मग आर्द्रा, मग सगळंच.

सातव्या गाळ्याचं एक दार कायम लावलेलं असे. आतून दिवसभर ठोकण्याचा आवाज येई. “जोडे ठोकून राह्यला,” जानराव गिऱ्हाइकांना सांगे. एकदा त्यानं आपली तुटकी चप्पल त्या दारात भिरकावली. “पयली बोहनी माही!” देवमननं ती उचलून नीट बाजूला ठेवली.

वच्छला टोपलीमागून टोपली मुरूम मागच्या खड्ड्यात टाकी. कोणी विचारलं तर म्हणे, “ओल लय हाय ना भाऊ. ते काढून राह्यलो.”

चैतात नळ आटला. मग गावविहीर आटली. जानरावचं हॉटेल बैलगाडीवरून येणाऱ्या दोन पिंपांवर चालू लागलं. रिसोडची एसटी चहासाठी तिथंच थांबे, तेवढ्यावर त्याचं घर चालत होतं.

बाजाराच्या दिवशी देवमननं दोन्ही दारं उघडली. माणसं जोडे बघायला जमली.

आत जोडा एकही नव्हता. गाळ्याच्या मधोमध बांधीव कठडा होता, वर लाकडी रहाट. खाली तीस फुटांवर काळा दगड फोडलेला, आणि त्यात आभाळासारखं स्वच्छ पाणी. दारावर पाटी होती : ‘पाणी मिळेल.’

दुपारी पिंपांची बैलगाडी मार्केटच्या तोंडाशी आली. वच्छला खताची नक्कल घेऊन आडवी उभी राहिली. गाडीवान जगदेवकडे बघू लागला. जगदेवनं नक्कल वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

“बाहेरून नाई आनता येत,” तो म्हणाला.

“असं कोठी असते का!” जानराव ओरडला. “कायदा हाय दिल्लीत!”

“थो मोठ्या कारखानदारायले,” वच्छला म्हणाली.

बैलगाडी परत वळली. स्टँडवर रिसोडची एसटी लागली, उतारू चहासाठी हाका मारू लागले. भट्टी पेटलेली, पातेलं कोरडं. जानराव दोन हातांत दोन रिकामे हंडे घेऊन सातव्या गाळ्याच्या पायरीपाशी आला.

“देवमनभाऊ,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच. “मांगशीन ते देतो. एवढे दोन भरून दे.”

देवमननं रहाट ओढला. काठोकाठ भरलेली बादली कठड्यावर टेकवली, तांब्या बुडवला आणि पायरीवर येऊन उभा राहिला.

“हंडे ठेवा खाली, जानरावभाऊ,” तो म्हणाला. “ओंजळ धरा. ओंजळीनं पानी गोड लागते.”