बारा छत्र्यांचं विमान

"अहो, आधी खाली दोराने बांधून पंख मारून बघणार होतात ना?" छत्रीवाल्याच्या बायकोने खालूनच ओरडून विचारलं.

छत्रीवाला गोदामाच्या गच्चीवर, आपल्या यंत्रात बसून कमरेचा पट्टा आवळत होता. डोक्यावर बारा काळ्या छत्र्या. पॅडल मारलं की त्या मिटून वर जायच्या आणि उघडून खाली यायच्या. पक्षी तरी दुसरं काय करतो, असं त्याचं म्हणणं. सगळी गल्ली माना वर करून उभी होती. निम्मी अर्थातच हसायला आली होती.

शिडी धरून उभा होता तो तिचा धाकटा दीर, बगलेत कुबडी घेऊन. पहिलं यंत्र झालं तेव्हा या पठ्ठ्याने चाचणीची वाट बघितली नाही. "बघ दादा!" म्हणत तो याच गच्चीवरून झेपावला, आणि कापड काड्यांवरून टराटरा सुटत गेलं. जीव वाचला, पाय गेला. वहिनीने त्याचं अंथरुणातलं सगळं केलं, पोटच्या पोरासारखं. अशी वहिनी मिळायला नशीब लागतं, असं गल्ली म्हणायची. छत्रीवाला मात्र स्वतःलाच बोल लावत राहिला. माझी आखणीच चुकली, म्हणायचा.

दुकानातली साधी छत्रीसुद्धा तो दहादा उघडून, झटकून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नसे. आणि आज असा थेट गच्चीवर!

"कसली चाचणी?" तो वरून हसला. "आखणी माझी, ती मी शंभरदा तपासली. कापड याही वेळी तूच शिवलंयस. तुझ्या शिवणीची काय परीक्षा घ्यायची?"

त्याने पॅडलवर पाय ठेवला.

"थांबा! टाके कच्चे आहेत!" ती किंचाळली. "मीच घातलेत मुद्दाम. खाली बांधलेलं असतानाच फाटेल आणि तुमचं हे वेड सुटेल, म्हणून!"

छत्रीवाल्याने पॅडलवरून पाय काढला. मग त्याने पट्टा सोडला. वाचले बाई, एवढंच तिच्या मनात होतं.

दिराच्या बगलेतली कुबडी खाली पडली. त्याने ती उचलली नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "मग माझ्या वेळी?"