यादीतलं दुसरं नाव

“उडी मारायच्या आधी आपलं नाव जोरात ओरडा,” गाईड कड्यावर बजावत होता. “खाली डोहाकाठी माझा भाऊ यादी घेऊन बसलाय. तुमचं डोकं पाण्याबाहेर दिसलं की तो तेच नाव पुकारेल. तोवर पुढच्याला सोडत नाही.”

लाल हेल्मेट घातलेल्या साठीच्या सरोजताईंनी स्वतःचं नाव ओरडून डोळे मिटले आणि उडी घेतली.

“सरोजताई वर आल्या!” खालून हाक आली.

थोड्या वेळाने त्या धापा टाकत पुन्हा कड्यावर.

“काकू, प्रत्येकाला एकच उडी.”

“लेक दरवर्षी म्हणायची, मी टाळायचे. यंदा हो म्हटलं, तर तिनं जानेवारीतच दोघींचं बुकिंग केलं.” त्यांनी जॅकेटचा पट्टा आवळला. “मार्चमध्ये ती गेली. यादीत तिचंही नाव आहे.”

गाईड बाजूला झाला.

“जुईऽऽ!”

डोहात पाणी उसळलं. तेच लाल हेल्मेट वर आलं. यादी हातात धरून भाऊ क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं नावापुढं खूण केली आणि उभा राहून सगळ्या दरीला ऐकू जाईल असा ओरडला, “जुई वर आली!”