जाली

दिवे लाल पडत चालले होते. सकाळपासून पनवेलची सरकारी वीज नव्हती आणि सगळ्या कारखान्याचा भार त्याच्या स्वतःच्या, कोळशावर चालणाऱ्या वीजघरावर आला होता. त्यात बॉयलरमधली, जिच्यावर कोळसा जळतो ती सरकती जाळी अडली. निखारे पुढे सरकेनात. वाफेचा काटा उतरू लागला.

जाळीच्या टोकाशी जळक्या राखेचा दगडासारखा गठ्ठा बसला होता. तो फोडायला बळीराम पहार घेऊन खालच्या राखेच्या खड्ड्यात उतरला. वर बटणापाशी विनायक उभा राहिला. पुण्याहून इंजिनियर म्हणून येऊन त्याला महिना झाला होता. जाळी मोकळी झाली की खालून ‘झाली’ अशी हाक यायची आणि मगच बटण दाबून ती सुरू करायची, असा इथला शिरस्ता.

“जाली की हाक मारतो, साहेब,” बळीराम खालून म्हणाला. “तवर बटनाला हात लावू नका. खाली कोलसा नाय, मी हाय.”

फावड्यावर रेलून उभा असलेला त्याचा धाकटा भाऊ जगन हसला. “साहेबाला बटान सापरलं, तेच लय जालं.”

विनायकही हसला. करंजाड्याच्या या भावांची बोली त्याला आता कळू लागली होती. पहिल्या दिवशी तो बळीरामला ‘झाली म्हणा’ असं शिकवायला गेला होता. “जालीच बोललो की,” असं उत्तर मिळालं होतं.

भिंतीवरचा फोन वाजला. विनायकने उचलला. ऑफिसातून मॅनेजर गुरुदत्त साहेब बोलत होते.

“करमरकर, ओतशाळेत लोखंड गोठतंय. झाली का?”

“होतेय, सर.”

“होतेय नको. झाली, एवढंच सांगा.”

खाली पहारीचे घाव पडत होते. ते थांबले. मग बॉयलरच्या पंख्याच्या घरघरीतून हाक आली. “जाली! जाली!” पुढेही काही शब्द होते, ते पंख्याने गिळले.

विनायकने बटण दाबलं.

जाळी हलली, करकरली आणि काहीतरी तुटून खाली कोसळलं. खड्ड्याच्या तोंडातून लाल धुराळा उसळला. त्यात एक किंकाळी होती. ती मध्येच तुटली.

जगनने खाली उडी मारली. भावाला काखेत धरून त्याने वर ओढून आणलं, तेव्हा बळीरामच्या अंगावर सदरा उरला नव्हता. कातडीही फारशी उरली नव्हती. छाती हलत नव्हती.

“तेच म्हणाले... झाली,” विनायक म्हणाला.

जगनने त्याची कॉलर धरली आणि डोकं लोखंडी खांबावर आपटलं. पुन्हा आपटलं. मग त्याला फरफटत भट्टीच्या दारापाशी नेलं, लाथेने दार उघडलं आणि मानेला धरून त्याचं तोंड आत खुपसलं. आपल्याच भुवया जळल्याचा वास विनायकच्या नाकात गेला.

“बघ! ही काय हाय? बोल!”

निखाऱ्यांखाली जाळी होती. तिचा पुढचा भाग तुटून खड्ड्यात लोंबत होता.

“जा... जाळी.”

“आनि आमी काय बोलतो हिला?”

जगनची पकड आपोआप सुटली. तो भावाशेजारी बसला आणि त्याच्या केसांतले निखाऱ्याचे खडे उघड्या बोटांनी वेचू लागला. “दादा, जाली परतंय सांगत व्हतास ना तू? जाली परतंय, जाली परतंय...” जाळी पडतेय: पंख्याने गिळलेला शब्द विनायकला आता कळला.

दिवे विझले. पंखा थांबला. इतकी शांतता झाली, की आता खालून कोणी पुटपुटलं असतं तरी वर ऐकू आलं असतं.

फोन वाजला. वाजतच राहिला. शेवटी विनायकने भिंतीला धरत जाऊन तो उचलला.

“करमरकर, इथे सगळा अंधार. झाली का?”

विनायकच्या ओठांवर रक्त आलं होतं.

“जाली,” तो म्हणाला.

“काय? नीट बोला. झाली का?”

“जाली.”

जगनने मान वर केली.