फळ्याची वरची ओळ

"मोतीबाई, आज जरा मोठ्या अक्षरात येऊ द्या," म्हणत मोठ्या साहेबांनी खडूंचा नवा खोका तिच्या टेबलावर ठेवला. "रंगीत आणलेत. खास."

मोतीबाई हे काही तिचं नाव नव्हे. अक्षर मोत्यासारखं, म्हणून पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीने ते तिला चिकटवलं होतं, आणि आता पगारपत्रक सोडलं तर खरं नाव कुठेच उरलं नव्हतं. दारातल्या काळ्या फळ्यावर रोज सकाळी ती लिहायची, आज कुठल्या भागात पाणी बंद आणि कधी येणार. लोक ते वाचून बादल्या भरायला पळायचे. आज मात्र सगळ्यात वरच्या ओळीत अभिनंदन लिहायचं होतं. शेजारच्या टेबलावरचा टायवाला शाखाप्रमुख झाला होता.

टायवाल्याला काम तिनेच शिकवलं होतं. तक्रार आली की कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा, हे तो अजूनही मान वळवून तिलाच विचारायचा. त्या जागेसाठी तिनेही अर्ज केला होता आणि या वेळी जागा आपलीच असं ती धरून चालली होती. झालं काय, तर आयत्या बिळावर नागोबा.

"साहेब, एक विचारू? माझ्यात काय कमी पडलं?"

"कमी? छे छे. वरिष्ठांपुढे मी तुमच्याबद्दल किती बोललो, विचारा कुणालाही." साहेब खुर्ची ओढून बसलेच. "म्हटलं, काय ते अक्षर. टपोरं, दाणेदार, एका वळणाचं. वेलांटी बघावी तर कशी झोकदार. कागदावर रेघा नसल्या तरी ओळ हलायची नाही. नुसतं बघून डोळे निवतात."

"आणि काम?"

"काम आहेच हो. कामाचं काय." साहेब हसले. "आणि खरं सांगू का, तुम्ही आत केबिनमध्ये जाऊन बसलात तर फळा कोण लिहिणार? आमची अक्षरं तुम्हाला ठाऊकच आहेत."

ठाऊक नसायला काय झालं? साहेबांचं गिचमिड, मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं. रोखपालाचं किरटं, भिंग घेऊन बसावं असं. टायवाल्याचं तर नावच काढू नये, निव्वळ कोंबडीचे पाय. त्याने घेतलेल्या तक्रारी ज्याला वाचता येत नसत तो तिच्याकडे येई, आणि ती त्या सुवाच्य करून पुन्हा लिहून काढी. वाईट अक्षराची माणसं सुखात होती. त्यांना कुणी काही सांगत नसे. चांगलं अक्षर मात्र बारा महिने जुंपलेलं. कुणाच्या मुलीचा शाळेचा तक्ता, कुणाच्या दारावरची पाटी, निरोपाचं कार्ड, जिन्यातली 'थुंकू नये'. वर सगळ्यांचं एकच पालुपद, तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम. तिला असा संताप आला की तो खोका उचलून खिडकीबाहेर भिरकावावा.

भिरकावला नाही. खोका घेऊन ती दाराशी गेली.

थोड्या वेळाने साहेब पुष्पगुच्छ घेऊन बाहेर आले. मागून टाय सारखा करत टायवाला. फळ्यापुढे ही गर्दी जमलेली.

"बाई, खालचं समजलं," एक आजोबा तिला विचारत होते. हातात रिकामा कॅन. "दुपारपर्यंत आमच्याकडे पाणी नाही. पण हे वरचं कुठल्या भागाचं?"

खालच्या ओळी नेहमीसारख्याच होत्या, छापल्यागत. वरच्या ओळीत रंगीत खडूने काहीतरी आडवं-उभं झालं होतं. दोन अक्षरं एकमेकांवर चढलेली, पुढचं उताराला लागलेलं, वेलांट्यांचा पत्ताच नाही.

शिपाईमामांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "थांबा, वाचतो. अभि... अभियंता... नाही बुवा." मग त्यांचा चेहरा उजळला आणि ते टायवाल्याकडे वळले. "अहो, हे तर तुमचं अक्षर. स्वतःचं अभिनंदन स्वतःच लिहिलंत होय?"

टायवाल्याने फळ्याकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. अक्षर त्याचंच होतं, अगदी तो लंगडा 'भ'सुद्धा.

"मोतीबाई, ही काय थट्टा?" साहेब खालच्या आवाजात म्हणाले.

"थट्टा नाही साहेब, सराव." तिने हातावरची खडूची धूळ झटकली. "चांगल्या अक्षराने मी या फळ्यापर्यंतच पोचले. म्हटलं, आता हे घोटून बघावं. पुढची जागा निघेपर्यंत हात बसेल."

टायवाला आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"पुसा ते. आणि नीट लिहा."

"माझ्या टेबलावर तक्रारी पडल्यात," ती म्हणाली. साहेबांच्या हातातला पुष्पगुच्छ तिने अलगद काढून टायवाल्याला दिला, साहेबांच्या रिकाम्या हातात खडू ठेवला आणि आत निघून गेली.

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. रोखपाल खिशात पेन शोधू लागला. शिपाईमामांना एकदम चहाची आठवण झाली. शेवटी साहेबांनीच डस्टर उचललं, वरची ओळ पुसली आणि 'अ' काढला. तो खाली घसरला. त्यांनी तो पुसून पुन्हा काढला, मग पुन्हा पुसला.

मागे आजोबा कॅन उलटा घालून त्यावर बसले.

"सावकाश होऊ द्या साहेब," ते म्हणाले. "दुपारपर्यंत पाणी नाहीच."