सोमवारची निर्मळ चिठ्ठी

या सोमवारीही तपासणीच्या पेटीत निळा उजेड पडला नाही. आरोग्यकेंद्रातल्या कुमुदने थकल्या हाताने कालिंदीकाकूंच्या चिठ्ठीवर ‘निर्मळ’ लिहिलं. कर्करोग शोधायला आता गालाच्या आतून फिरवलेला बोळा पुरे होई. बिघडलेल्या पेशींवरच्या साखरेला पेटीतलं शेंगदाण्याचं लेक्टिन, म्हणजे साखर धरणारं प्रथिन, चिकटलं, की ते निळं उजळे.

“सातवा सोमवार माझा,” काकू म्हणाल्या. “महादेवाचा वार म्हणून आजच येते. पण गालातला हा फोड काही बरा होत नाही बाई.”

“तिखट खाल्लंत का?”

“छे गं, उपास ना! दाण्याचा लाडू खाल्लाय, अजून दाढेत आहे.”

कुमुदचं पेन थांबलं. खाल्लेल्या दाण्याचं लेक्टिन आधीच साखरेवर जाऊन बसलं, तर पेटीतल्याला जागा कुठली? मग रोग असला तरी उजेड पडायचा नाही. पेटी बनवणाऱ्यांना उपास ठाऊक नव्हते. तिला ठाऊक होते, तरी ही पेटी वापरताना नऊ वर्षांत सुचलं नव्हतं.

तिने चिठ्ठी फाडली. “काकू, उद्या या. तोवर दाणा तोंडात घालू नका.”

“म्हणजे देवानं नाही सांभाळलं?”

“त्यानंच आज विचारायला लावलं असेल,” कुमुद हळूच म्हणाली. काकू गेल्यावर तिने नोंदवहीतून नऊ वर्षांत सोमवारी ‘निर्मळ’ ठरलेल्यांतलं पहिलं नाव काढलं आणि फोन लावला.